देवरुखच्या दोन बहिणी : मोडलेल्या बालपणानंतरचे आयुष्य

संगमेश्वर तालुक्याची कचेरी संगमेश्वरात नाही, देवरुखात आहे. या देवरुखच्या बाळकृष्ण केशव जोशी यांच्या घरात १८६५च्या सुमारास गोदावरी नावाची मुलगी जन्मली आणि १८७०मध्ये कृष्णा नावाची दुसरी. थोरलीचे लग्न आठव्या वर्षी झाले आणि तीन महिन्यांत ती विधवा झाली. धाकटीचे लग्न अकराव्या वर्षी झाले आणि विसाव्या वर्षी तिच्या वाट्यालाही तेच आले, पदरात लहान मुलगा असताना. महाराष्ट्र या दोघींना आनंदीबाई कर्वे आणि पार्वतीबाई आठवले या नावांनी ओळखतो. दोघींनीही उत्तरायुष्यात आत्मचरित्रे लिहिली. पार्वतीबाईंचे ‘माझी कहाणी’ १९२८मध्ये आले, आनंदीबाईंचे ‘माझे पुराण’ १९४४मध्ये.

ही दोन पुस्तके मी प्रथम वाचली ती मराठीची शिक्षिका म्हणून, स्त्रियांच्या आत्मचरित्रांचा अभ्यास करताना. पुढे ती पुन्हा पुन्हा वाचली, त्याचे कारण अभ्यासाबाहेरचे होते. देवरुखपासून सात-आठ मैलांवरच्या आमच्या वाडीत, आमच्याच घरात, माझ्या आजोबांची बहीण राहत होती. आम्ही तिला माई म्हणत असू. १९१५च्या सुमारास, दहाव्या वर्षी ती विधवा झाली आणि १९७९मध्ये गेली. मधली चौसष्ट वर्षे तिने माजघर, न्हाणीघर, परडे आणि कोठीची खोली एवढ्या टापूत काढली. जात तीच, तालुका तोच, घाव तोच. मग त्या दोघींचे तसे झाले आणि हिचे असे का? या लेखाचा विषय एवढाच प्रश्न आहे.

या प्रश्नाला आपल्याकडे तयार उत्तर असते. ‘त्या जिद्दीच्या होत्या, धीराच्या होत्या, म्हणून तरल्या.’ हे उत्तर मला पटत नाही. माई कमी धीराची नव्हती. पावसाळ्यात पऱ्याला लोंढा आला असताना वासरू काढायला कमरेइतक्या पाण्यात शिरलेली बाई मी पाहिली आहे. तेव्हा उत्तर स्वभावापलीकडे शोधले पाहिजे.

घाव नेमका कोणता?

आठ-नऊ वर्षांच्या मुलीच्या दृष्टीने नवऱ्याचा मृत्यू म्हणजे जवळजवळ अनोळखी माणसाचा मृत्यू. खरा आघात त्यानंतर सुरू होतो. तिला मंगलकार्यात पुढे येऊ देत नाहीत, तिचे दागिने काढतात, सकाळी कामाला निघालेल्या माणसाच्या वाटेत ती येऊ नये अशी काळजी घेतात. वयात आल्यावर केशवपन, लाल आलवण, एकवेळचे जेवण. कालपर्यंत जी लाडकी होती ती आज अपशकुन होते, आणि हे करणारी माणसे परकी नसतात. आई, आजी, काकू याच ते करतात, तेही रडत रडत. मुलाला जिथे आसरा मिळायचा तिथूनच मार बसतो, तेव्हा त्याला पळून जायला जागा उरत नाही. बालपणीच्या आघाताचे आजचे अभ्यासक ज्याला सर्वांत घातक मानतात ते हेच.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हा विशिष्ट घाव ब्राह्मण आणि काही उच्चवर्णीय घरांचा होता. कोकणातल्या अनेक जातींत पाट लावण्याची रीत होती, तिथे विधवेचे डोके भादरत नसत. पण म्हणून तिथली बालपणे सुखाची होती असे नाही. ज्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे, त्या बाबासाहेब आंबेडकरांची आई ते पाच-सहा वर्षांचे असताना गेली. १९०१मध्ये वडिलांना भेटायला भावंडांसह निघालेल्या या मुलाला मसूर स्टेशनवर जात कळताच गाडीवाल्यांनी नाकारले आणि रात्रभर पाण्यावाचून राहावे लागले. हा प्रसंग त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवला. त्यांच्या पत्नी रमाबाई दापोलीजवळच्या वणंदच्या. त्यांचे आईवडील लहानपणीच वारले आणि काका-मामांनी त्यांना मुंबईला नेले. घाव वेगळे होते. मूल कोणत्या घरात जन्मले यावर ते ठरत होते, मुलाच्या करणीवर नव्हे. ही बाब मात्र सर्वत्र समान आहे.

आजचे शास्त्र काय सांगते?

बालपणीच्या आघाताचा पुढच्या आयुष्यावर काय परिणाम होतो, याबद्दल गेल्या पन्नास-साठ वर्षांत बरेच काम झाले आहे. त्यातली दोन कामे आपल्या प्रश्नाला उपयोगी आहेत.

पहिले अमेरिकेतले. व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी सॅन डिएगोच्या एका आरोग्यसंस्थेतल्या १७,०००हून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारले. मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातले व्यसन, आईला होणारी मारहाण, घरातल्या कोणाचा तुरुंगवास असे प्रकार त्यात होते. १९९८मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे दिसले, की अशा प्रकारांची संख्या जसजशी वाढते तसतशी मोठेपणी नैराश्य, व्यसने, हृदयविकार आणि इतर आजारांची शक्यताही पायरीपायरीने वाढते. म्हणजे ‘लहान होती, विसरून जाईल’ हा आपला दिलासा खोटा ठरला. मन विसरले असे वाटले तरी शरीर विसरत नाही.

दुसरे काम हवाई बेटांपैकी काउआई या बेटावरचे. १९५५मध्ये तिथे जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळिशीपर्यंत पाठपुरावा केला. त्यांतली साधारण एक तृतीयांश मुले गरिबी, जन्मवेळच्या अडचणी, घरातली भांडणे, पालकांचे दारूचे व्यसन किंवा मानसिक आजार अशा अनेक संकटांत एकाच वेळी सापडलेली होती. अठराव्या वर्षापर्यंत त्यांतल्या दोन तृतीयांश मुलांना काही ना काही गंभीर अडचणी आल्या. उरलेली एक तृतीयांश मात्र नीट वाढली, शिकली, माणसांना लागतात तशी माणसे झाली. या मुलांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळली. आईवडील नसले तरी आजी, मावशी, शेजारीण, शिक्षक असे निदान एक प्रौढ माणूस त्यांना धरून होते आणि ते माणूस बदलत नव्हते.

याच अभ्यासाचा पुढचा भाग आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही, आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. अठराव्या वर्षी जी मुले वाया गेली असे वाटत होते, त्यांतली बरीचशी तिशी-चाळिशीत सावरलेली आढळली. कोणाला प्रौढपणी शिक्षणाची संधी मिळाली होती, कोणाला भरवशाचा जोडीदार भेटला होता, कोणी एखाद्या धर्मसमुदायात स्थिरावले होते, कोणी सैन्यात जाऊन कसब शिकले होते. बालपणी दार बंद झाले तरी मोठेपणी दुसरे उघडू शकते, आणि ते उघडले तर उशीर झालेला नसतो.

हे वाचताना मला काउआई बेट दूरचे वाटले नाही. शिक्षण, जोडीदार, धर्म ही तीन दारे म्हणजे आपल्याकडच्या तीन स्त्रियांची आयुष्ये होती.

दुष्काळातून आलेली मुलगी

देवरुखच्या बहिणींची कथा पंडिता रमाबाईंपासून सुरू करावी लागते. अनंतशास्त्री डोंगरे आणि लक्ष्मीबाई यांची ही मुलगी १८५८मध्ये जन्मली. वडिलांनी लोकापवाद पत्करून पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले होते. कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडे. १८७४च्या सुमारास दुष्काळात उपासमारीने आईवडील गेले, पाठोपाठ बहीणही. सोळा वर्षांची रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास पायी हिंडत १८७८मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी तिच्या विद्वत्तेचा गौरव केला. पुढे भाऊ गेला, १८८०मध्ये बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झाले आणि १८८२मध्ये तेही गेले. चोविसाव्या वर्षी कडेवर मनोरमा ही मुलगी घेऊन रमाबाई महाराष्ट्रात आल्या. इंग्लंडमध्ये असताना, १८८३मध्ये, त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. इथे विधवांना शिक्षण मिळे आणि ज्या त्या मुलीला आपले सोवळेओवळे पाळायची मोकळीक असे. पुढच्या वर्षी ही संस्था पुण्याला गेली. १८९३मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून वाद पेटला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते १८९६-९७चे वर्ष. मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई स्वतः तिथे गेल्या आणि अनाथ मुलींना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यातून उभे राहिले आणि पुढच्या दुष्काळात तिथे आणखी शेकडो मुली आल्या. ज्या दुष्काळाने तिचे घर पुसले, त्या दुष्काळात ती पुन्हा गेली, या वेळी इतरांच्या मुली आणायला. आपला घाव विसरण्याऐवजी तिने त्याचा पत्ता लक्षात ठेवला होता.

गोदूबाई

विधवा झाल्यानंतरची गोदूबाईंची बरीच वर्षे सासरी कष्टांत गेली. त्यांचा भाऊ नरहरपंत मुंबईत गिरगावात राहत होता. त्याच बिऱ्हाडात त्याचा मित्र धोंडो केशव कर्वे, मुरुडचा, पत्नी राधाबाईंसह राहत असे. नरहरपंतांनी बहिणीला मुंबईला आणले आणि शारदा सदनात घातले. तिथे दाखल झालेली ही पहिली विधवा विद्यार्थिनी. तेव्हा तिचे वय चोविशीच्या आसपास होते. ज्या वयात तिच्या बरोबरीच्या बायकांना चार मुले झालेली असत, त्या वयात ती शाळेत बसली.

१८९१मध्ये राधाबाई वारल्या. कर्वे त्या वर्षी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला आले. पुन्हा लग्न केले तर विधवेशीच, असे त्यांनी ठरवले होते. गोदूबाईंच्या वडिलांनी संमती दिली आणि ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हे लग्न झाले. शारदा सदन उघडले त्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. गोदूबाईंचे नाव आनंदी झाले.

कथेचा शेवट इथे करायचा मोह होतो, पण आयुष्य इथे सोपे झाले नाही. मुरुडकरांनी कर्व्यांना वाळीत टाकले आणि सख्ख्या माणसांनाही त्यांच्याबरोबर जेवण्या-राहण्याची चोरी झाली. विधवा म्हणून जिला बाजूला बसवले होते, तिला आता पुनर्विवाहित म्हणून बाजूला बसवले गेले. १८९६मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला सहा एकर जागा आणि झोपडी बांधायला ७५० रुपये दिले आणि १९००मध्ये आश्रम तिथे गेला. आश्रमाला समाजाचा विश्वास हवा होता, म्हणून त्याचा पुनर्विवाहाशी संबंध दिसू नये अशी काळजी घेतली जाई. त्यामुळे ज्या बाईच्या आयुष्यातून या कामाला आरंभ झाला, त्या आनंदीबाईंनाच सुरुवातीच्या काळात आश्रमापासून जरा लांब राहावे लागले.

घरात पैशाची ओढ असे. कर्व्यांनी आपली पाच हजारांची विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नावे करून टाकली. मुलांचे पुढे काय, हा घोर आनंदीबाईंच्या वाट्याला आला आणि त्यांनी तो लपवला नाही. मला त्यांच्याबद्दल सर्वांत जास्त आपुलकी वाटते ती यामुळेच. त्या देवीसारख्या वागत नाहीत. त्या हिशेब विचारतात, रागावतात. मिळवते व्हावे म्हणून नागपूरला जाऊन सुईणीचे काम शिकतात, घरात विद्यार्थी ठेवून घेतात, आश्रमासाठी वर्गणी मागत फिरतात. आठव्या वर्षापासून ‘तुला काय करायचे आहे?’ हे वाक्य ऐकत आलेल्या बाईने नवऱ्याला, तोही महर्षी ठरलेला, हिशेब विचारावा, ही माझ्या मते त्या सावरल्याची सर्वांत पक्की खूण आहे. १९५०मध्ये त्या गेल्या.

पार्वतीबाई

धाकटी बहीण दुसऱ्या वाटेने गेली. पार्वतीबाईंचे केशवपन झालेले होते आणि त्या परंपरेला धरून होत्या. पुण्यात बहिणीच्या घरी राहून त्या शिकू लागल्या तेव्हा वयाची पंचविशी उलटली होती. पुनर्विवाहाचा विचार त्यांनी स्वतःपुरता बाजूला ठेवला. १९०२पासून त्या हिंगण्याच्या आश्रमात काम करू लागल्या. मुलींची देखरेख, स्वयंपाकघर, आणि मग वर्गणीसाठी प्रवास. गावोगाव उभे राहून त्या बोलू लागल्या. चारचौघांत तोंड दाखवू नये असे जिला शिकवले होते, ती चारचौघांपुढे भाषण करू लागली.

केशवपन मात्र त्यांनी लगेच सोडले नाही. आश्रमात आल्यावरही कित्येक वर्षे ते चालू होते आणि चाळिशी ओलांडल्यावर त्यांनी ते थांबवले. बाहेरून पाहणाऱ्याला याचे नवल वाटेल. मला वाटत नाही. घरातून बाहेर पडायला एक दिवस लागतो आणि घराने अंगावर घातलेले उतरवायला अनेक वर्षे लागतात. त्या वर्षांत बाई थांबलेली नसते.

१९१८मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास, इंग्रजी धड येत नसताना त्या अमेरिकेला गेल्या. भाषा शिकता यावी आणि पोट भरावे म्हणून तिथल्या घरांत घरकाम केले, भांडी घासली. १९२०मध्ये परत आल्या आणि पुन्हा आश्रमाच्या कामाला लागल्या. त्यांच्या आत्मचरित्राचे इंग्रजी भाषांतर १९३०मध्ये जस्टिन अ‍ॅबट यांनी केले.

तीन स्त्रिया, तीन वाटा. रमाबाईंनी धर्म बदलला, आनंदीबाईंनी पुन्हा संसार थाटला, पार्वतीबाई विधवा म्हणूनच जगल्या. या तिघींपैकी एकीची वाट खरी आणि बाकीच्यांची खोटी असे मानणाऱ्यांनी त्या काळात पुष्कळ शाई खर्च केली. आज मागे वळून पाहिले तर वाटांपेक्षा त्यांच्यातले साम्य अधिक ठळक दिसते.

साम्य काय?

पहिले साम्य सुरक्षित जागेचे. शारदा सदन, हिंगण्याची झोपडी, मुक्ती सदन, या सगळ्या आधी राहायच्या जागा होत्या आणि मग शाळा. जिथे उद्या हाकलून देणार नाहीत याची खात्री आहे आणि जिथे आपल्यासारख्या आणखी कोणी आहेत, तिथेच माणूस शिकू शकते. सतत धास्तावलेल्या मुलाचे पाढे पाठ होत नाहीत, हे मी तीस वर्षे वर्गात पाहिले आहे.

दुसरे, कोणीतरी हात धरून आणणारे. गोदूबाईंना नरहरपंत मिळाले, पार्वतीबाईंना बहीण मिळाली. रमाबाईंना श्रीनिवास होता, कलकत्त्यापर्यंत. यांतले कोणीही थोर मानसतज्ज्ञ नव्हते. गाठोडे उचलून ‘चल’ म्हणणारी माणसे होती.

तिसरे, काम. तिघींनाही लवकरच असे काम मिळाले, की त्यांच्यावाचून दुसऱ्या कोणाचे अडत होते. काउआईच्या सावरलेल्या मुलांतही हे आढळले, की त्यांच्यावर घरात धाकट्या भावंडांची किंवा आजाऱ्याची खरी जबाबदारी होती. पण इथे सावध राहायला हवे. माईही आयुष्यभर राबली. तिच्यावाचून आमचे घर एक दिवस चालले नसते. फरक असा, की तिच्या कामाला ‘काम’ म्हणत नसत. त्याचा मोबदला नव्हता, त्याचे नाव नव्हते, ते सोडून जायची मुभा नव्हती. आश्रमातली बाई जेव्हा शंभर पोळ्या लाटते तेव्हा ती कार्यकर्ती असते, घरातली विधवा लाटते तेव्हा ती पोसलेली असते. आयुष्याला अर्थ आणणारे काम आणि आयुष्य गिळणारे काम बाहेरून अगदी सारखे दिसू शकते.

चौथे, सांगणे. दोघी बहिणींनी आपली हकीकत आपल्या नावाने छापली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना चार दिवस रोज पंधरा मिनिटे आयुष्यातल्या क्लेशकारक प्रसंगाबद्दल लिहायला सांगितले. प्रसंग आणि त्यामागची भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना पुढच्या महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा जावे लागले. लिहिल्याने घडलेले बदलत नाही. पण जे नुसते अंगावर कोसळले होते, त्याला मागचे-पुढचे येते. आनंदीबाईंनी आपल्या आत्मकथेला ‘पुराण’ हे नाव दिले आहे. लांबण लावणाऱ्याला आपण ‘काय पुराण लावलंय’ म्हणून गप्प करतो. त्यांनी तोच शब्द उचलला आणि सगळे पुराण सांगून टाकले.

माईची खोली

आजोबा गेल्यावर त्यांचे दप्तर आवरताना मला एक जुनी पावती सापडली. पुण्यातल्या एका विधवांच्या आश्रमाला दिलेल्या दोन रुपयांच्या वर्गणीची. म्हणजे त्यांना सगळे ठाऊक होते. असे आश्रम आहेत, तिथे मुली शिकतात, हे चांगले आहे, हे त्यांना पटलेलेही होते. त्यांनी इतरांच्या बहिणींसाठी दोन रुपये दिले आणि स्वतःच्या बहिणीला कोठीच्या खोलीत ठेवले. ते वाईट नव्हते. वाळीत पडण्याची भीती होती, इतर मुलींची लग्ने व्हायची होती. नरहरपंत जोशी आणि माझे आजोबा यांच्यात चांगुलपणाचा फरक नसावा, भीती किती झेलायची याचा असावा. आणि त्या फरकाने एका बाईचे चौसष्ट वर्षांचे आयुष्य ठरले.

इथे मला माझ्याबद्दल थोडे सांगणे भाग आहे. माझे वडील दारू पीत आणि पिऊन आले की मारत. आईला, आम्हा भावंडांना. गावात हे सर्वांना माहीत होते आणि कोणी बोलत नव्हते. वर ज्या प्रश्नावलीचा उल्लेख आला ती मी पन्नाशीत एकदा स्वतःपुरती भरली. उत्तरे चांगली नव्हती. तरीही मी शिकले, नोकरी केली, संसार केला, झोपेच्या तक्रारींसकट पण बऱ्यापैकी जगले. त्याचे श्रेय माझ्या जिद्दीला देणारी माणसे भेटतात तेव्हा मला ओशाळल्यासारखे होते. कारण मला माई होती.

अंगणात पावले अडखळताना ऐकू आली, की ती कोठीच्या दारात येऊन हलक्या आवाजात म्हणे, “इकडे या गो. कडी लावून घ्या.” त्या खोलीला आतून कडी होती. तांदळाच्या कणग्या, आंब्याच्या साठांचा वास, तिचे घोंगडे, आणि अंधारात ती हळू आवाजात कहाण्या सांगे, सोमवारची, शुक्रवारची. वडील दारावर लाथ मारत, पण सोवळ्या आत्याच्या खोलीत शिरायची त्यांची प्राज्ञा नव्हती. ज्या विटाळाच्या आणि सोवळ्याच्या नियमांनी तिला कोंडले होते, त्यांचाच तिने आमच्यासाठी आडोसा केला. तिला वाचता येत नव्हते, पण दिव्याची काच पुसून माझ्या पुस्तकाशेजारी दिवा ठेवण्याचे तिने एक दिवसही चुकवले नाही.

काउआईच्या अभ्यासात ज्या ‘एका न बदलणाऱ्या माणसा’चा उल्लेख येतो, ते माणूस मला मिळाले. तिला स्वतःला मिळाले नव्हते. म्हणून तिचे आयुष्य वाया गेले असे मी म्हणणार नाही. पण ‘तिने दुसऱ्यांसाठी जगून आयुष्याचे सार्थक केले’ असेही म्हणणार नाही. ते म्हणणे सोयीचे आहे, विशेषतः ज्यांना त्याचा लाभ झाला त्यांना. तिला सार्थकाची आणखी एखादी जागा मिळायला हवी होती, आणि ती दीडशे मैलांवर, पुण्यात, होती. तिच्यापर्यंत पोहोचली नाही.

पुढे काय?

देवरुखात १९५४मध्ये इंदिराबाई हळबे यांनी दोन खाटांचे प्रसूतिगृह काढून मातृमंदिराची सुरुवात केली. सारा तालुका त्यांना मावशी हळबे म्हणून ओळखतो. त्यांनाही तरुणपणी वैधव्य आले होते. मातृमंदिराच्या ‘गोकुळ’मध्ये निराधार मुली वाढल्या, शिकल्या, तिथूनच अनेकींची लग्ने झाली. जोशींच्या मुली ज्या गावातून बाहेर पडल्याशिवाय सावरू शकल्या नाहीत, त्या गावात पुढे आसऱ्याची जागा उभी राहिली, हा बदल लहान नाही.

आज केशवपन नाही, आलवण नाही. पण दारू आहे, मारहाण आहे, कर्जापायी खचलेला बाप आहे, आईच्या माघारी कोणाकडे तरी टाकलेली मुले आहेत. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे, बालकल्याण समित्या आहेत, कायदे आहेत. ते हवेतच. पण माझ्या वर्गातली जी मुले वाचली, त्यांच्या मागे बहुधा कायद्याच्या आधी एखादी शेजारीण होती, एखादी मामी होती, मधल्या सुट्टीत हाक मारणारा एखादा शिपाई होता. शाळेतल्या एखाद्या गप्प मुलाला रोज त्याच्या नावाने हाक मारणे हे फार मोठे काम नाही. त्या मुलाच्या बाजूने पाहिले तर ते तितके लहानही नाही.

आनंदीबाई आणि पार्वतीबाईंची पुस्तके वाचून ‘केवढ्या धीराच्या बायका’ एवढेच म्हणून ती मिटू नयेत, असे मला वाटते. त्यांच्या धीराला ज्या ज्या ठिकाणी वाट मिळाली त्या त्या ठिकाणी कोणीतरी स्वतःचे काहीतरी पणाला लावले होते. भावाने आपली इभ्रत, कर्व्यांनी आपले गाव, रमाबाईंनी आपली उभी हयात. आजोबांनी दोन रुपये लावले होते. ती पावती मी अजून जपून ठेवली आहे, ‘माझे पुराण’च्या पानांत. मदत आणि आसरा यांतला फरक पुन्हा कधी विसरू नये म्हणून.